इसार : क्राउडफंडिंग म्हणजे काय ते घोंगडीच्या पिशवीच्या हिशोबानं

जत तालुक्यातल्या एका गावात घोंगडी विणणाऱ्या सनगर समाजाचे दोन आजोबा अजून खड्डामागावर घोंगडी विणतात. माझी वहिनी त्यांच्याकडनं घोंगडी घेते आणि सांगलीत त्याच्या खांद्याला अडकवायच्या पिशव्या शिवून घेते. दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा क्राउडफंडिंग करायचं ठरवलं तेव्हा थोरल्या आजोबांना समजवायला मी मागाजवळ बसलो होतो, की बघा, इंटरनेटवर एक पान करायचं, त्यावर पिशवीचा फोटो टाकायचा, लोक आधी पैसे देणार, पुरेसे लोक आले तरच आपण काम धरायचं, नाही आले तर ज्याचे त्याला परत. मी दहा मिनिटं बोलत होतो. आजोबा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "मंजी इसार की रं."

इसारच. बैल घेताना, जागेचा व्यवहार करताना, लग्नाला मांडव सांगताना आपण आगाऊ पैसे देतो तोच. इसार दिला म्हणजे माल माझा झाला असं नाही, पण समोरच्यानं शब्द दिला असं नक्की. मी नंतर याच्यावर खूप वाचलं, पण त्या एका शब्दापेक्षा चांगली व्याख्या मला सापडली नाही, म्हणून हा सगळा लेख त्याच शब्दावर लिहितोय. आमच्या भागात हातानं वस्तू करणारे, स्वतःचं डिझाइन असलेले छोटे धंदे बरेच आहेत आणि त्यातल्या निम्म्या लोकांना क्राउडफंडिंग म्हणजे देणगी वाटते आणि निम्म्यांना बिनव्याजी कर्ज वाटतं.

इसारात आणि क्राउडफंडिंगमध्ये फरक आहे तो एवढाच की इसार एकाकडनं घेतात आणि इथं तो शेदीडशे अनोळखी लोकांकडनं, उघड्यावर, एका ठरलेल्या रकमेपर्यंत आणि ठरलेल्या तारखेपर्यंत घ्यायचा असतो. त्या रकमेला टार्गेट म्हणतात. टार्गेट गाठलं नाही तर इसार परत. ही 'सगळं नाहीतर काहीच नाही' वाली पद्धत 2009 ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरनं जगभर नेली. तिथं एखाद्या पोरानं घड्याळाचं, पिशवीचं, खेळण्याचं डिझाइन मांडायचं, जास्तीत जास्त 60 दिवस मुदत, टार्गेट पूर्ण झालं तर किकस्टार्टर 5 टक्के घेणार आणि पैसे वळते करायचा खर्च आणखी 3 टक्क्यांच्या आसपास, पूर्ण नाही झालं तर कुणाच्याच खात्यातनं काही कापलं जात नाही. इंडिगोगो त्याच्या थोडं आधीचं, तिथनं जेवढे जमले तेवढे ठेवायची सोय आली. ऐकायला ती दुसरी सोय जास्त बरी वाटते. मला विचाराल तर हातानं वस्तू करणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये, का ते पुढं हिशोबात येईल.

आपल्याकडं हे नवीन आहे असं तर अजिबात नाही. अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसानं गावोगाव फिरून एकेक पैसा गोळा केला, त्याचा पैसा फंड झाला, लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला आणि त्याच पैशातनं 1908 ला तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या काले गावात 1919 ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली तिची बोर्डिंगं तर लोकांच्या घरातल्या मूठ-मूठ धान्यावर चालली. आणि त्याच काळातलं दुसरं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं, 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंधच्या राजानं जागा आणि कर्जाऊ पैसे दिले म्हणून. म्हणजे एक रस्ता राजाचा आणि एक रस्ता मुठीचा. आता राजे राहिले नाहीत, त्यांच्या जागी बँक आली, आणि बँक तारण मागते. मुठीचा रस्ता अजून उघडा आहे.

पण सगळ्या मुठी सारख्या नसतात, आणि इथंच लोक घोटाळा करतात. लोकांकडनं पैसे घ्यायच्या चार पद्धती आहेत. एक देणगी. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा लोकांनी पूरग्रस्तांसाठी जे पैसे पाठवले ती देणगी, बदल्यात काही मागितलं नाही. दुसरी आपली इसाराची, पैसे घेतले की वस्तू द्यायची, इंग्रजीत हिला रिवॉर्ड म्हणतात. तिसरी कर्ज, चौथी भागीदारी. या शेवटच्या दोन सोप्या दिसतात आणि त्यांच्यातच सगळ्यात जास्त कायदा आहे.

भागीदारीचं आधी सांगतो, कारण प्रत्येक घरात एक काका असतो जो म्हणतो, 'अरे शंभर-दोनशे लोकांना शेअर दे, प्रत्येकी पाच हजार घे, झालं काम.' झालं नाही काम काका. प्रायव्हेट कंपनीला सगळ्या जगाला शेअर घ्या म्हणून सांगताच येत नाही, 2013 च्या कंपनी कायद्यात खासगी रीतीनं शेअर द्यायची मर्यादा वर्षाला 200 माणसांची आहे आणि तीही नावानिशी निवडलेली माणसं पाहिजेत, इंटरनेटवर जाहिरात करून नव्हे. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं 2014 ला शेअरवाल्या क्राउडफंडिंगवर चर्चेसाठी कागद काढला होता आणि 2016 ला लोकांना सावध केलं की असल्या वेबसाइटना आमची परवानगी नाही. छोट्या पिशवीवाल्यानं या वाटेला जाऊच नये.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं 2017 ला नियम केले. तुमच्या-आमच्यासारख्या माणसानं दुसऱ्या माणसाला वेबसाइटवरनं कर्ज द्यायचं असेल तर ती वेबसाइट रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेली पाहिजे, एका माणसानं एकाला 50 हजारांच्या वर द्यायचं नाही, घेणाऱ्याला सगळीकडनं मिळून 10 लाखांच्या वर घेता येत नाही आणि मुदत जास्तीत जास्त 36 महिने. 'रंग दे' नावाची बेंगळुरूची संस्था 2008 पासनं शेतकरी आणि कारागिरांसाठी अशा कर्जाचं काम करतेय, तो प्रामाणिक रस्ता आहे, पण ते कर्ज आहे, हप्ता द्यायलाच लागतो.

आणि जे अजिबातच करायचं नाही ते म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर 'माझ्या धंद्यात 20 हजार टाका, वर्षाला 15 टक्के देतो' असं लिहिणं. कितीही ओळखीतले लोक असू देत. लोकांकडनं परताव्याचा वायदा करून पैसे घेणं म्हणजे ठेवी घेणं, आणि बेकायदा ठेवींवर 2019 चा केंद्राचा कायदा आहे, महाराष्ट्रात तर ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा 1999 पासनं आहे. सांगली जिल्ह्यात पतसंस्थेत अडकलेला पैसा ज्यांच्या घरात बघितलाय त्यांना हे जास्त समजवायची गरज नाही. आमच्या घरानंही बघितलाय. आजी शेवटपर्यंत ती पावती ट्रंकेत जपून ठेवायची. म्हणून वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊजी, कुणाला टक्के द्यायचे नाहीत. पिशवी द्यायची."

तर राहिली इसाराची पद्धत, आणि आता हिशोब. हा भाग सावकाश वाचा, कारण आम्ही इथंच पहिल्यांदा आपटलो.

आमची अडचण साधी होती. घोंगडी जाड, साध्या शिलाई मशीनवर चार पदर एकत्र आले की सुई मोडते, म्हणून शिवायला बाहेर द्यायला लागायचं, आणि ते लोक गाद्या-सीटकव्हरच्या सीझनमध्ये आमचं काम मागं ठेवायचे. जाड कापडाचं मशीन घ्यायचं तर 65 हजार पाहिजे होते. मग आम्ही काय केलं, टार्गेट ठेवलं 65 हजार. पिशवीची किंमत 1,800. एका छोट्या वेबसाइटवर पान केलं, मित्रमंडळींना पाठवलं, तीन आठवड्यांत 36 पिशव्यांचा इसार आला, 64,800 रुपये, वरचे दोनशे वहिनीच्या भावानं टाकले, टार्गेट पूर्ण. पेढे वाटले आम्ही.

सगळ्या पिशव्या पोचवून झाल्यावर खात्यात उरले 14 हजार आणि काहीतरी. मशीन आलंच नाही.

आता बघा कुठं गेले. एका पिशवीला घोंगडीचं कापड 400, अस्तर आणि चेन 120, चामड्याची पट्टी आणि बक्कल 200, शिलाईची मजुरी 260, पॅकिंग 80, कुरिअर 140. झाले 1,200. वेबसाइटचा आणि पैसे वळते करायचा खर्च धरून 8 टक्के, म्हणजे 144. शंभरात तीन-चार पिशव्या बिघडतात, एखादं पार्सल परत येतं, त्याचे पिशवीमागं 60 धरा. 1,800 मधनं हे सगळं गेलं की हातात राहतात 396 रुपये. म्हणजे लोकांनी आम्हाला 65 हजार दिले असं आम्हाला वाटत होतं पण खरं तर त्यांनी आम्हाला 36 वेळा 396 दिले होते, बाकीचे पैसे त्यांच्याच पिशवीचे होते, ते आमचे नव्हतेच कधी. 65 हजारांना 396 नं भागा. 165 पिशव्या येतात. 165 ला 1,800 नं गुणा, 2 लाख 97 हजार. ते आमचं खरं टार्गेट होतं.

हे एक गणित ज्यानं केलं त्यानं निम्मं क्राउडफंडिंग केलं असं माझं ठाम मत आहे. व्हिडिओ चांगला झाला नाही तरी चालतं, हे चुकलं तर टार्गेट गाठून माणूस खड्ड्यात जातो. आणि म्हणूनच 'जमेल तेवढे ठेवा' वाली पद्धत हातकामाच्या माणसाला वाईट. समजा मशीन आलं तरच परवडणार अशा भावात तुम्ही वस्तू कबूल केली, आणि जमले चाळीसच लोक, तर मशीन नाही पण चाळीस शब्द मात्र देऊन बसलात. त्यापेक्षा परत केलेले बरे.

हे फक्त आमच्यासारख्या नवख्यांचं होतं असं नाही. अमेरिकेत 2014 ला किकस्टार्टरवर कूलेस्ट कूलर नावाची एक बर्फाची पेटी आली, तिच्यात मिक्सर आणि स्पीकर बसवलेला. 62 हजारांवर लोकांनी मिळून जवळजवळ 1 कोटी 33 लाख डॉलर दिले. पेटी बनवायला लागणारा पैसा लोकांनी दिलेल्या पैशापेक्षा जास्त निघाला, मग 2016 ला ज्यांना लवकर पाहिजे त्यांच्याकडं आणखी 97 डॉलर मागितले, आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद पडली तेव्हा जवळजवळ 20 हजार लोकांच्या हातात काहीच पडलेलं नव्हतं. एवढा मोठा घोळका, एवढा पैसा, आणि चूक तीच, नगामागचा हिशोब.

उशिराचंही तसंच. पेबल नावाचं घड्याळ 2012 ला आलं, मागितले होते 1 लाख डॉलर, मिळाले कोटीच्या वर, सप्टेंबरमध्ये देतो म्हणाले आणि द्यायला सुरुवात झाली पुढच्या जानेवारीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ईथन मॉलिक नावाच्या प्राध्यापकांनी किकस्टार्टरवरच्या डिझाइन आणि तंत्रज्ञानाच्या कामांचा अभ्यास केला, त्यात चारातली तीन कामं कबूल केलेल्या तारखेच्या नंतर पोचली, आणि टार्गेटपेक्षा जितका जास्त पैसा आला तितका उशीर वाढला. नंतरच्या त्यांच्याच पाहणीत 9 टक्के कामं अशी निघाली की वस्तू पोचलीच नाही. म्हणजे बहुतेक लोक प्रामाणिक असतात, पण उशीर करतात.

हातकामात जास्त पैसा म्हणजे जास्त उशीर, हे तर उघड आहे, कारण हात वाढत नाहीत. कारखान्यात दुसरी पाळी लावता येते. आमच्याकडं एका घोंगडीत नऊ पिशव्या निघतात, 165 पिशव्यांना 19 घोंगड्या लागतात, एक घोंगडी मागावरनं उतरायला आजोबांना चार-पाच दिवस, ते झाले दोघांनी मिळून विणलं तरी चाळीस-पन्नास दिवस, आणि तेही सूत तयार असलं तर. त्याच्या आधी लोकर कातरली जाणार, ती धनगरांकडनं घ्यायची, पिंजायची, बायका सूत कातणार. मग ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, चिंचोक्याची खळ लावायची आणि ती उन्हात वाळायला लागते. पावसाळ्यात ती वाळत नाही. तुम्ही वेबसाइटवर काहीही तारीख टाका, खळ वाळत नाही. पहिल्या वेळी आम्ही जुलैमध्ये पैसे घेऊन ऑगस्टअखेर देतो म्हणून लिहिलं होतं, 36 च होत्या म्हणून निभावलं.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही आधी आजोबांना विचारलं की किती जमतील आणि कधी जमतील, आणि मग पानावर आकडा टाकला. कमीत कमी 165, जास्तीत जास्त 180, त्याच्यानंतर बंद. लोकांना 'आता मिळणार नाही' म्हणायला जिवावर येतं, पण म्हणायचं. ज्यांचं काम सगळं हातावर आहे, मिरजेचे सतारमेकर असू देत, कोल्हापुरी चप्पल शिवणारे असू देत, त्यांनी वरची मर्यादा घातल्याशिवाय इसार उघडूच नये.

मिरजेचं नाव निघालंच तर सांगतो. सतारमेकर गल्लीत जाऊन बघा, तिथं ही पद्धत शे-दीडशे वर्षं चालू आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवायला सुरुवात केली आणि तेव्हापासनं गवई येतो, बसतो, कसा तंबोरा पाहिजे ते सांगतो, पैसे ठेवतो आणि जातो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं कडू भोपळा येतो, तो वाळलेला, नीट गोल निवडलेला असतो, लाकूड मुरलेलं लागतं. गवयाला माहीत असतं की वेळ लागणार. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळाला, म्हणजे ही वस्तू याच भागाची अशी सरकारी नोंद. आता तिथला एखादा तरुण कारागीर प्रवासाला न्यायचा लहान तंबोरा डिझाइन करणार असेल आणि त्याला साचे-हत्यारांना पैसे पाहिजे असतील, तर त्याच्यासाठी क्राउडफंडिंग म्हणजे त्याच्या स्वतःच्या आजोबांनी जे केलं तेच, फक्त गवई एकाच्या ऐवजी साठ आणि त्यातले काही लंडनमध्ये. जीआयचा इथं एक उपयोग आहे, अनोळखी माणसाला पटवायला तो कागद कामाला येतो. कोल्हापुरी चपलेचा जीआय सांगली आणि सातारा जिल्ह्यालाही लागू आहे हे आपल्याकडच्याच बऱ्याच जणांना माहीत नसतं, तो नावापुढं लावायचा तर नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून नाव घालून घ्यायला लागतं.

पैसे देणारे हे लोक येतात कुठनं? इंटरनेटवरनं येत नाहीत, हे पहिलं. इंटरनेटवरनं लाईक येतात. आम्ही पहिल्या वेळी जो व्हिडिओ केला त्यात 'कला मरतेय, वाचवा' असं होतं, वहिनीला तो नको होता, मीच आग्रह केला. हजारो लोकांनी बघितला, शेकड्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, आणि 36 पिशव्यांच्या नावांतली 30 आमच्या फोनमध्ये आधीच सेव्ह असलेली होती. दुसऱ्या वेळी वहिनी म्हणाली, "मदत हा शब्दच काढा. मदत एकदा करतात माणसं. वस्तू आवडली तर परत येतात." मग व्हिडिओत फक्त पिशवी दाखवली, आत काय-काय बसतं, पाणी पडलं तर काय होतं, कुठला रंग मेंढीचा आहे आणि कुठला रंगवलेला आहे, आजोबांचे हात, आणि वर लिहिलेला सगळा खर्च, 400, 120, 200, एकेक ओळ. खर्च उघडा दाखवायला मी घाबरत होतो. त्याच्यामुळंच अनोळखी लोक आले असं मला वाटतं, कारण तिसऱ्या दिवसापासनं मेसेज यायला लागले की शिलाईला 260 कमी नाहीत का.

पण त्या अनोळखी लोकांच्या आधी ओळखीचे पाहिजेतच. रिकाम्या हॉटेलात कुणी जेवायला बसत नाही. पान उघडायच्या दोन आठवडे आधी वहिनीच्या भिशीतल्या बायका, माझ्या वालचंद कॉलेजच्या बॅचचा ग्रुप, दादाचे पुण्यातले ऑफिसवाले, असे साठ जण आम्ही एकेकाला फोन करून पक्के केले होते की सोमवारी सकाळी दहाला उघडतोय, त्याच दिवशी करा. फॉरवर्ड नाही, फोन. साठातले 41 जणांनी त्या दोन दिवसांत केलं. मग मधे दहा-बारा दिवस एकदम शुकशुकाट. हे सगळ्यांचं होतं, घाबरायचं नाही, पहिले चार दिवस आणि शेवटचे चार दिवस पळतात, मधला काळ रेटायचा असतो. त्या मधल्या काळात आम्ही मागाचे, लोकरीचे, खळीचे रोज छोटे व्हिडिओ टाकले. तीस दिवसांत 171 झाल्या.

कुठल्या वेबसाइटवर करायचं हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, मी तो मुद्दाम मागं ठेवला. किकस्टार्टरवर काम मांडायचं तर त्यांच्या ठरलेल्या देशांपैकी एका देशाचं रहिवासी असावं लागतं आणि त्या यादीत भारत नाही, म्हणजे आपण तिथं पैसे देऊ शकतो, मागू शकत नाही. आपल्याकडं मिलाप 2010 चं आहे, केट्टो 2012 चं, पण तिथं जास्त करून दवाखान्याच्या खर्चाचं, देणगीचं काम चालतं, पिशवी तिथं शोभत नाही. मग राहतं स्वतःचं पान. साधं वेबपेज आणि ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात वळते करणारा पेमेंट गेटवे, तो 2 टक्क्यांच्या आसपास घेतो आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,800 वर 42 रुपये. 144 च्या जागी 42. हे वाचलेले शंभर रुपये आम्ही हिशोबातनं काढले नाहीत, बिघाडाला आणि फोटोला ठेवले, आणि ते लागले.

स्वतःचं पान केलं की मात्र वेबसाइट जी शिस्त लावते ती स्वतः लावायला लागते. आम्ही बँकेत वेगळं खातं उघडलं, इसाराचा रुपया दुसऱ्या खात्यात जाणार नाही, टार्गेट झाल्याशिवाय त्यातनं काही काढायचं नाही, आणि पानावर स्पष्ट लिहिलं की अमुक तारखेपर्यंत 165 नाही झाल्या तर सात दिवसांत पैसे परत. परत करायचा खर्चही आमच्यावर. हे नुसतं चांगुलपणाचं नाही, वस्तू कबूल करून पैसे घेतले की ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो.

टॅक्सचं थोडक्यात, बाकी तुमच्या सीएला विचारा. वस्तूच्या बदल्यात आलेला पैसा धंद्याची जमा आहे, बक्षीस नाही. नुसती देणगी घेतली आणि नातेवाईक सोडून इतरांकडनं वर्षात 50 हजारांच्या वर गेली तर ती उत्पन्नात धरतात. जीएसटीची नोंदणी वस्तू विकणाऱ्याला साधारण 40 लाखांच्या उलाढालीपासनं लागते, पण माल राज्याबाहेर पाठवला की एरवी पहिल्या रुपयापासनं लागते. हस्तकलेच्या ठरलेल्या वस्तूंना यातनं 20 लाखांपर्यंत सूट आहे, पॅन पाहिजे आणि माल पाठवायचा ऑनलाइन कागद, म्हणजे ई-वे बिल, काढायला लागतं. आपली वस्तू त्या यादीत बसते का ते इसार घ्यायच्या आधी बघा, बेंगळुरूचं पहिलं पार्सल बांधल्यावर नको.

आणि क्राउडफंडिंग हा सगळ्यावर उपाय नाही. लोहार, कुंभार, सुतार, चांभार, शिंपी अशा 18 कामांसाठी 2023 च्या सप्टेंबरपासनं पीएम विश्वकर्मा आहे, हत्यारांना 15 हजार, 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, ते फेडलं की 2 लाखांपर्यंत. मुद्रा योजनेचं कर्ज आहे. ज्याला नुसतं हत्यार पाहिजे आणि गिऱ्हाईक बांधलेलं आहे त्यानं तिकडं जावं. नवीन डिझाइन आहे, ते कुणाला पाहिजे का नाही हेच माहीत नाही, तेव्हा इसाराचा रस्ता धरावा, कारण लोक नाही आले तर मशीन घेण्याआधीच कळतं.

दुसऱ्या वेळच्या 171 पिशव्या आम्ही दिवाळीनंतर पैसे घेऊन मार्चअखेर देतो म्हणालो होतो. सहा आठवडे उशीर झाला. धाकट्या आजोबांच्या सुनेचं बाळंतपण, घरात सूत कातायच्या दोन चाती बंद, सुताला खोळंबा. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना मेसेज गेला, मागावर कितवी घोंगडी आहे त्याचा फोटो आणि तुमचा नंबर कितवा. चौघांनी पैसे परत मागितले, त्याच दिवशी दिले. एकीनं लिहिलं की घोंगडीला वास येतो, तिला वहिनीनं फोन करून सांगितलं की तो लोकरीचा आहे, चार दिवस उन्हात टाका, जाईल, आणि कसर लागू नये म्हणून ठेवताना कडुलिंबाचा पाला घाला. आता ही माहिती छापून प्रत्येक पिशवीत घालतो, एकाला दीड रुपया पडतो, तोही हिशोबात धरलाय.

मशीन एप्रिलमध्ये आलं. शेवटच्या साठ पिशव्या त्याच्यावरच शिवल्या. त्यातली एक घेऊन वहिनी जतला गेली, आजोबांनी शिवण बोटानं चाचपली, ओढून बघितली, आणि विचारलं, "इसारवाल्या समद्यांची पोचली का?" तेव्हा अजून बावीस राहिल्या होत्या.